बोंबील एका टेबलावर, बिअर दुसऱ्यावर

मागच्या हिवाळ्यात माझा मावसभाऊ बडोद्याहून आला होता. तीन पिढ्या बडोद्यात काढलेलं मराठी घर, त्यामुळे मराठी बोलतो ते जरा जुन्या वळणाचं आणि मधेमधे गुजराती 'छे' घुसतं, पण माशाच्या बाबतीत मात्र आजोळ सुटलेलं नाही. दादर स्टेशनवर उतरल्या उतरल्या म्हणाला, "दादा, मला दुसरं काही दाखवू नकोस. चांगली थंड बिअर आणि आपल्याकडचं मासळीचं जेवण, एकाच टेबलावर, बास." मी म्हटलं हात्तिच्या, मुंबई आहे बाबा ही, तुझं बडोदं नव्हे. आणि मग फोन काढून विचार करायला लागलो की ह्याला नेऊ कुठे, आणि खरं सांगतो, दादरच्या पुलावर उभं राहून दहा मिनिटं मला एक नाव सुचेना.

म्हणजे मासे कुठे खायचे ते माहितीये. आमची ठरलेली मालवणी खानावळ आहे, बारा-चौदा टेबलं, बोंबील तळून येतात ते असे की बाहेरून रवा कुरकुरीत आणि आत जिभेवर विरघळणार, बाजूला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, वडे, आणि शेवटी सोलकढी. भिंतीवर पाटी, 'येथे मद्यपान करण्यास सक्त मनाई आहे'. बिअर कुठे प्यायची तेही माहितीये. लोअर परळला जा, अंधेरीला जा, तिथे तांब्याच्या किंवा स्टीलच्या टाक्या काचेमागे दिसतात, गव्हाची बिअर मिळते, काळी स्टाउट मिळते, आणि खायला काय तर नाचोज, बर्गर, पिझ्झा आणि 'कोस्टल' नावाखाली कसलीतरी कोळंबी जिच्यावर तीळ पेरलेले असतात. आणि तिसरी जागा म्हणजे परमिट रूम, तिथे दोन्ही मिळतं म्हणे. मी भावाला तिथेच नेला. त्याची गोष्ट पुढे सांगतो.

प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हा घुसला तो अजून निघालेला नाही. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गावठाणांचं, कोळीवाड्यांचं, खानावळींचं हे शहर, इथे बिअर पण भरपूर आणि मासळी पण भरपूर, मग दोघांची गाठ का पडत नाही? लोक म्हणतील आवडीनिवडीचा प्रश्न आहे, मराठी माणसाला जेवताना दारू लागत नाही. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की आपण काय पितो, कशाबरोबर पितो, उजेडात बसून पितो की अंधारात, हे आपल्या आवडीपेक्षा जास्त एका कायद्याने ठरवलंय, आणि त्या कायद्याने पिणं काही कमी केलं नाही, फक्त वाईट केलंय.

कायदा कुठला तर १९४९ चा. नाव बघा, 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम'. आधी 'मुंबई दारूबंदी कायदा' होता, नंतर नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला, दारूबंदी मात्र राहिली. म्हणजे कागदोपत्री आपण आजही दारूबंदी असलेल्या राज्यात राहतो आणि ज्याला परमिट आहे त्याला त्यातून सूट आहे, असा सगळा डोलारा. आणि ही दारूबंदी सांभाळणाऱ्या खात्याचं नाव काय, तर राज्य उत्पादन शुल्क विभाग. बंदीच्या नावाने शुल्क गोळा करायचं. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा हाच कायदा वाटणीत दोघांकडे गेला, गुजरातने २०११ मध्ये त्याचं नाव बदलून गुजरातचं केलं आणि बंदी पाळली (किती पाळली ते माझ्या भावाला विचारा, दमणचा रस्ता त्याला झोपेत पाठ आहे), आपण बंदीचं रूपांतर पावतीत केलं. त्यामुळे मी भावाला 'तुझं बडोदं नव्हे' म्हणालो ते तसं चूकच होतं. एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत.

परमिटचं तर विचारूच नका. एका दिवसाचं विदेशी दारूचं परमिट ५ रुपये, देशीचं २ रुपये, वर्षाचं १०० आणि आजीवन १००० रुपये. परमिट रूमला परमिट रूम का म्हणतात हे माझ्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोरांना ठाऊक नव्हतं, त्यांना वाटायचं हॉटेलला परमिट असतं म्हणून. अरे, तुला लागतं परमिट! सौम्य बिअर आणि वाइनला वय २१, कडक दारूला २५, आणि खिशात कागद. मी गेली तीसेक वर्षं ह्या शहरात बसतो-उठतो, एकदाही कोणी परमिट मागितलेलं नाही, आणि मीही काढलेलं नाही, म्हणजे मी आणि माझ्यासारखे लाखो लोक दर शनिवारी कायदा मोडून घरी येतात आणि कोणाला काही वाटत नाही. जो कायदा कोणी पाळत नाही आणि सरकार पाळायला लावत नाही तो निरुपद्रवी असतो असं वाटतं, पण तसं नसतं, तो हप्त्याच्या कामाला येतो. कधीही, कोणालाही, हवा तेव्हा धरता येतं.

ह्याचा इतिहास थोडा बघायला पाहिजे कारण त्यातच अंधाराचं मूळ आहे. मुंबईत पहिली दारूबंदी आली १ ऑगस्ट १९३९ ला, बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं आणि आरोग्यमंत्री होते डॉ. गिल्डर, स्वतः पारशी, आणि सगळ्यात जास्त चिडले ते पारशीच कारण ताडी-माडीच्या आणि दारूच्या धंद्यात त्यांचा मोठा वाटा. महिन्याभरातच महायुद्ध सुरू झालं आणि पुढे काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. मग स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा, १९५० पासून पूर्ण बंदी, आणि मोरारजीभाईंचा काळ. तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू मिळायची, तब्येतीसाठी म्हणून. आणि ज्यांच्याकडे डॉक्टर नव्हता ते जायचे आंटीकडे. वांद्रे, माहीम, धोबीतलाव, कुठल्यातरी बोळातलं घर, पुढच्या खोलीत येशूची तसबीर, मागच्या खोलीत बाकडी, काचेच्या पेल्यात हातभट्टीची, आणि सोबत उकडलेलं अंडं नाहीतर चणे. पटकन घशाखाली ओतायची, पैसे ठेवायचे, निघायचं. पोलीस यायच्या आत.

हे 'पटकन' महत्त्वाचं आहे. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, परमिट सुटली, पण सवय तीच राहिली. आपल्याकडे दारू 'पितात' असं नाही, 'मारतात'. नाइन्टी मारली, क्वार्टर मारली. बिअरसुद्धा स्ट्राँगच पाहिजे, कारण पैसे देतोय तर चढली पाहिजे. देशात खपणाऱ्या बिअरचा फार मोठा हिस्सा स्ट्राँगचा आहे, महाराष्ट्रात त्याची व्याख्या ५ टक्क्यांच्या वर, आणि वरची मर्यादा ८. आता ८ टक्क्यांची बिअर तुम्ही तळलेल्या बोंबलाबरोबर प्या बघू. बोंबील हा इतका नाजूक मासा आहे, अंगात पाणीच पाणी, तळायच्या आधी वजनाखाली दाबून पाणी काढावं लागतं, त्याची ती समुद्राची हलकी गोडी त्या गोडसर-कडू कडक बिअरखाली पार मरते. त्याला हलकी, थंड, जराशी आंबट बिअर पाहिजे. गव्हाची असेल तर अजूनच बरं. पण ती जिथे मिळते तिथे बोंबील नाही, आणि बोंबील जिथे मिळतो तिथे ती नाही, म्हणजे फिरून परत दादरचा पूल.

आता खानावळवाला बिअर का ठेवत नाही ह्याच्याकडे येतो, कारण मी आमच्या ठरलेल्या खानावळीच्या मालकांना विचारलं. साठीचे गृहस्थ, गल्ल्यावर बसतात. म्हणाले, "साहेब, लायसन्सचे पैसे काढायचे तर मला मासे विकणं बंद करून दारू विकावी लागेल." ह्या एका वाक्यात सगळं आलं. परमिट रूमचं लायसन्स, ज्याला एफएल ३ म्हणतात, त्याची मुंबईतली वर्षाची फी लाखांत जाते. त्यात २०२५ मध्ये अजून १५ टक्के वाढ. त्याआधी २०२३ च्या शेवटी परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के. मग जून २०२५ मध्ये इथेच बनणाऱ्या स्वस्तातल्या विदेशी दारूचं (व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क, जे आधी जाहीर केलेल्या उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट. १४ जुलै २०२५ ला ह्याच्याविरुद्ध बारवाल्यांनी राज्यभर एक दिवस बंद पाळला तो आठवत असेल. आता एवढा पैसा ज्याने लायसन्समध्ये घातला त्याला एका टेबलावरून एका संध्याकाळी किती काढावे लागतील? बोंबलाच्या प्लेटवर ते निघत नाहीत. ते व्हिस्कीवर निघतात. मग मेन्यू आपोआप तसा होतो. खाणं म्हणजे चखणा, आणि चखण्याचं काम एकच, तहान वाढवणं. म्हणून खारे शेंगदाणे, चणे, मसाला पापड, शेजवान काहीतरी. स्वयंपाकघरात एक कढई, एक चायनीजवाला पोरगा आणि फ्रीजर. ताजा मासा रोज पहाटे भाऊच्या धक्क्यावरून नाहीतर ससून डॉकवरून आणायचा, तो त्याच दिवशी संपला पाहिजे, जून-जुलैत मासेमारी बंद, भाव रोज वेगळा, हा सगळा खटाटोप ज्याचा धंदा व्हिस्कीवर चाललाय तो कशाला करेल?

आणि ज्याचा धंदा माशावर चाललाय तो लायसन्सच्या वाटेला जात नाही. म्हणजे लायसन्सची फी हीच मेन्यूकार्ड लिहिते. शेफ नंतर येतो.

(बिअर आणि वाइनपुरतं वेगळं लायसन्स आहे, नाही असं नाही. बिअर बार म्हणून जे बोर्ड दिसतात ते त्याच्यावर चालतात. पण तिथेही फी, पोलिसांची एनओसी, शाळा-देवळापासूनचं अंतर, दर वर्षी नूतनीकरण, आणि सगळ्यात मोठं म्हणजे 'साहेब लोकांची' ये-जा. आमचे खानावळवाले म्हणाले, "एकदा का ते लायसन्स भिंतीवर लागलं की माझ्याकडे कोण कोण जेवायला येईल आणि बिल न देता जाईल ते तुम्हाला सांगत नाही.")

मग अपवाद नाहीत का, आहेत, आणि ते बघण्यासारखे आहेत. फोर्टात मंगळुरी लंच होम आहेत, महेश, अपूर्वा, तृष्णा वगैरे, तिथे नीर डोसा, गस्सी, बटर-मिरी घातलेला खेकडा आणि थंड बिअर एकाच टेबलावर येते, कोणी भुवया उंचावत नाही. कॅफे मिलिटरीत खिमा पाव आणि बिअर, दुपारी दोन वाजता, वकील आणि शेअर बाजारवाले कोट काढून निवांत बसलेले, मुंबईत बिअर प्यायची ह्याच्याइतकी सभ्य जागा मी दुसरी पाहिली नाही. म्हणजे जमतं. कोणाला जमलं? शेट्टी मंडळींना आणि पारशी-इराण्यांना. शेट्टी लोक उडुपी हॉटेलातून सुरू झाले आणि लायसन्सचा हा सगळा जंजाळ कसा पार करायचा हे ते दोन-तीन पिढ्यांत शिकले, अर्ज, इन्स्पेक्टर, असोसिएशन, सगळं. म्हणून ह्या शहरात बिअरबरोबर मिळणारी 'लोकल' मासळी म्हणजे मंगळुरी मासळी. मला गस्सी आवडते, तक्रार नाही. पण मालवणी, कोळी, आगरी, सीकेपी, पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मूळचे ख्रिश्चन), एवढे स्वयंपाक ह्या शहराचे, आणि त्यातला क्वचितच एखादा ग्लासाच्या शेजारी बसतो हे जरा विचित्रच आहे.

इथे दोष फक्त सरकारला देऊन मोकळं होता येणार नाही. आपली लाज पण आहे त्यात. मराठी मध्यमवर्गात दारू ही गोष्ट एकतर देवघरासमोर शपथ घेऊन सोडायची असते नाहीतर गच्चीवर, टाकीच्या मागे, काळ्या पिशवीतून काढून प्यायची असते. मधलं काही नाही. बायकामुलांसमोर जेवताना एक ग्लास बिअर घेणारा बाप म्हणजे बिघडलेला, आणि महिन्यातून एकदा 'ऑफिसची पार्टी' करून झिंगत येणारा बाप म्हणजे बिचारा, कामाचा ताण. २०२२ च्या जानेवारीत सरकारने मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा काय गदारोळ झाला, एका बाजूने 'वाइन म्हणजे दारू नव्हे', दुसऱ्या बाजूने 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र', अण्णा हजारे उपोषणाला बसायच्या तयारीत, आणि निर्णय गुंडाळला गेला. दोन्ही बाजू खोटं बोलत होत्या. वाइन दारूच आहे. आणि नाशिकची द्राक्षं किराणा दुकानात बाटलीतून आली म्हणून राज्य बुडत नाही, ज्या राज्यात गल्लीच्या तोंडावर देशी दारूचं दुकान सकाळी उघडतं. त्याच वर्षी आणखी एक नियम आला, बारना देवदेवता, महापुरुष आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायची नाहीत. बरं केलं. पण आतल्या मोरीचं काय, आतल्या अंधाराचं काय, त्याच्यावर नियम नाही.

आता जी मंडळी इथवर वाचून चिडली असतील त्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे आणि ते हलकं नाहीये. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती वरून लादलेली नव्हती, गावागावातून बायकांनी लावून धरली होती, अभय आणि राणी बंग ह्यांनी त्याच्यामागे वर्षं घातली. वर्धा गांधीजींचा जिल्हा म्हणून कोरडा. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. आपल्या कायद्यात बायकांनी मतदान करून वॉर्डातलं दुकान बंद पाडायची सोय आहे, उभी बाटली की आडवी बाटली, आणि ज्या वस्तीत ती आडवी झाली तिथे कारण होतं, पगाराच्या दिवशी काय होतं हे त्या बायकांना माहीत होतं. गिरणगावात घरातल्या खोलीत पाच-दहा गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, ज्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांच्यासमोर जाऊन मी 'खानावळीत बिअर ठेवा' म्हणालो असतो तर लाटणं बसलं असतं, आणि योग्यच होतं ते. माझी स्वतःची आत्या ह्या गोष्टीवरून काय भोगून गेली ते इथे लिहीत नाही.

पण तिचा नवरा खानावळीत बिअर पिऊन तसा झाला नव्हता हो. तो गुत्त्यात जायचा. खिडकी नसलेल्या खोलीत, उभ्या उभ्या, रिकाम्या पोटी. मालाडच्या मालवणी वस्तीत जून २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसं मेली ती विषारी मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. २००४ मध्ये विक्रोळीत तेच. ही माणसं परमिट रूममध्ये बसलेली नव्हती, लोअर परळच्या टाकीखाली तर नव्हतीच, त्यांना कायदेशीर दारू परवडत नव्हती म्हणून ती तिथे गेली. दर वेळी कर वाढवताना 'लोकांनी कमी प्यावं' असं कारण पुढे केलं जातं आणि त्याच वेळी तिजोरीत किती हजार कोटी जास्त येतील तो आकडाही सांगितला जातो, जून २०२५ च्या वाढीत वर्षाला १४ हजार कोटी जादा अपेक्षित होते. दोन्ही एकदम कसं होणार? लोक कमी प्यायले तर पैसे कुठून येणार? म्हणजे सरकारलाही माहितीये की कोणी कमी पिणार नाही.

बरं, ह्या वेळी बिअर आणि वाइनला वाढीतून वगळलं, ते चांगलं केलं. त्याआधी २०२३ मध्ये बिअरवरचं शुल्क बघायला सरकारनेच समिती नेमली होती कारण शुल्क वाढवल्यावर बिअरचा खप आणि महसूल दोन्ही बसले. मला वाटतं हीच खरी दिशा आहे, जितकं अल्कोहोल तितका कर. आत्ता काय होतं की माणूस दुकानात उभा राहून हिशोब करतो, दोनशे रुपयांत ५ टक्क्यांची बाटली घेऊ की ८ टक्क्यांची, की अजून थोडे टाकून क्वार्टरच घेऊ. त्या हिशोबात सौम्य बिअर नेहमी हरते.

आणि जी पेयं खरोखर इथली आहेत त्यांची तर वाटच लावली आपण. वसई-विरार, अर्नाळा, गोराई, मनोरी, हा सगळा माडा-ताडांचा पट्टा. भंडारी समाजाचा पिढीजात धंदा तो, पहाटे माडावर चढून काढायची, सूर्य वर यायच्या आत नीरा, उन्हं चढली की माडी आंबत जाते, संध्याकाळपर्यंत चांगली चढणारी. साधारण बिअरच्याच ताकदीची गोष्ट, कारखाना नको, बाटली नको. आणि तिच्या सोबतीला आगाशीचं भुजिंग, कोळशावर भाजलेली कोंबडी, त्यात पोहे, बटाटा, मसाला, हे ज्याने खाल्लंय त्याला बिअर आणि विंग्जचं कौतुक सांगू नये. आज ताडी-माडीचं सरकारमान्य केंद्र कसं असतं? पत्र्याची शेड, प्लॅस्टिकचा मग, आणि ग्लासात माडी किती आणि क्लोरल हायड्रेट (गुंगी आणणारं रसायन) किती हे देवाला ठाऊक, कारण झाडं कमी झाली आणि मागणी तेवढीच. मी तिथे बायकोला नेणार नाही, आणि एकटाही दुसऱ्यांदा गेलो नाही.

ईस्ट इंडियन लोकांच्या लग्नात खिमाड करतात, दारूत साखर आणि खडा मसाला घालून उकळलेली, गरम गरम. थंडीतल्या लग्नात एका ओळखीच्या घरी प्यायलोय, दालचिनी-लवंगेचा वास अजून आठवतो, सोबत फुगे, ज्याच्या पिठात पूर्वी माडी घालत आंबवायला. हे तुम्हाला मुंबईतल्या हॉटेलांच्या मेन्यूवर सहजासहजी मिळणार नाही. मोहाचं तर काय सांगावं, ब्रिटिशांनी १८९२ मध्ये मोहाची फुलं गोळा करण्यावरच कायदा आणला होता, आदिवासीने स्वतःच्या झाडाखालचं फूल उचललं तर गुन्हा. त्याचे अवशेष आपल्याकडे २०२१ पर्यंत रेंगाळले. आणि मग २०२२ मध्ये सरकारने मोहफुलं आणि काजूबोंडापासून केलेल्या दारूला दर्जा दिला, कुठला माहितीये? विदेशी मद्याचा! हेतू चांगला होता, 'देशी' ह्या लेबलातून काढून जरा मान मिळावा, भाव मिळावा असा, पण गडचिरोलीच्या जंगलातलं फूल आणि सिंधुदुर्गातलं काजूबोंड विदेशी झाल्याशिवाय त्याला मान मिळू शकत नाही, हे वाचून मी खूप हसलो आणि मग जरा गप्प बसलो.

टाकीवाल्या बिअरचं मात्र कौतुक केलं पाहिजे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ह्या ब्रूपबने (जागेवरच बिअर बनवणाऱ्या बारने) सुरुवात केली, मुंबईत पहिला ब्रूपब २०१३ मध्ये लोअर परळला निघाला, मग डोंबिवलीच्या गेटवे ह्या बिअर कारखान्याची बिअर नळावर आली, आणि आमच्यासारख्यांना कळलं की बिअरला चव असते. तोवर आम्ही बाटली उलटी करून पाण्याच्या ग्लासात धरायचो, ग्लिसरीन निघतं म्हणून. (निघत नाही. काहीच निघत नाही. जड बिअर पाण्यात उतरताना दिसते, तेवढंच.) पण ह्या जागांचं भाडं आणि लायसन्स दोन्ही आभाळाला, त्यामुळे एक ग्लास साडेतीनशे-चारशेच्या घरात जातो आणि तिथे बसणारा माणूस वेगळा होतो, आणि त्याच्यासाठी केलेलं खाणं त्याच्यासारखंच होतं, कुठल्याही शहरात चालेल असं.

मला काय पाहिजे ते सांगतो, फार नाही. चाळीसच्या आत खुर्च्या असलेल्या, पाच-दहा वर्षं सलग जेवण विकत आलेल्या खानावळीला फक्त सौम्य बिअर आणि वाइनचं, स्वस्त, एका खिडकीवर मिळणारं लायसन्स. जेवण मागवलं तरच बिअर, माणशी दोन ग्लास, रात्री साडेदहाला बंद, काचा उघड्या, दिवे लावलेले. वॉर्डातल्या बायकांचा मतदानाचा हक्क तिथेही लागू. माझी बायको म्हणते की आज ती एकटी जाऊन मालवणी खानावळीत जेवू शकते, शेजारच्या टेबलावर चार पुरुष ग्लास घेऊन बसले तर ती जाणार नाही. ह्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कॅफे मिलिटरीत ती बसते, परमिट रूममध्ये बसत नाही, दोन्हीकडे पुरुष आणि ग्लास आहेतच, फरक खिडकीचा आणि ताटाचा आहे असं मी म्हणतो. ती म्हणते फरक तिथल्या गल्ल्यावरच्या माणसाचा आहे. असेल.

तर भावाची गोष्ट. त्या दिवशी आम्ही परमिट रूममध्ये गेलो, नाव सांगत नाही. जिना चढून वर, एसीचा गारठा, निळा दिवा, मेन्यू हातात घेऊन मोबाइलच्या टॉर्चवर वाचला. 'बोंबील फ्राय' होतं म्हणून मागवलं. आलं ते असं की जाड पिठाच्या नळ्या, आत बर्फातून काढलेलं काहीतरी, वर चाट मसाला, बाजूला शेजवान चटणी. भावाने एक तुकडा खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "दादा, ह्यापेक्षा आमच्याकडे बंदी आहे ते बरं छे." बिअर स्ट्राँगच होती, माइल्ड 'खतम' होती, नेहमी असते.

बिल देऊन खाली उतरलो. मग चालत खानावळीत, तिथून बोंबील आणि तिसऱ्या पार्सल, मग शेजारच्या दुकानातून गव्हाच्या बिअरचे चार कॅन, उत्पादनाची तारीख बघून घेतले कारण काउंटरवरचे उन्हात तापलेले असतात. आणि दादरहून ठाण्याची फास्ट, दोघांच्या मांडीवर पिशव्या, भाऊ हळूच विचारतो, हे नेताना परमिट लागतं का रे. मी म्हटलं लागतं. मग तो अख्खा प्रवास पिशवी पायाखाली ढकलून बसला, बडोद्याची सवय.

घरी आलो तोवर बोंबलांचा पार लगदा झालेला. वाफेत रवा सुटलेला, डब्याला चिकटलेला. आम्ही आतल्या खोलीत दार लोटून बसायच्या बेतात होतो, तेवढ्यात आई आली. ब्याऐंशी वर्षांची, आयुष्यात घरात बाटली चढू दिली नाही. तिने कॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग डब्याकडे बघून म्हणाली, "शी, हे काय खाणार तुम्ही, द्या इकडे." तव्यावर तेल सोडून, तांदळाचं पीठ भुरभुरून परत लावले तिने, कडेने कुरकुरीत होईपर्यंत. "बाहेर टेबलावर बसा," म्हणाली, "तिकडे आत खरकटं सांडतं." आणि ताटं मांडताना भावाला विचारत होती, "ते कडू असतं ना रे?"